ऐंशी किलो वाळू

"इंजिन ठेवायचं की बदलायचं, एवढंच सांगा चाचा."

धैर्यशील सरनोबत गॅरेजच्या दारातूनच बोलला. हातात कागदांची फाइल होती.

दस्तगीरचाचा स्टुलावर बसून एका स्कूटरचा कार्ब्युरेटर रॉकेलमध्ये धूत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुठल्या गाडीचं?"

"माझ्या लाल गाडीचं. आणि कुठल्या?"

ती लाल गाडी कोल्हापूरच्या उद्यमनगरात सगळ्यांना ठाऊक होती. बासष्ट सालची, विलायती, जेमतेम दोन माणसांची, डोक्यावर छप्पर नसलेली. धैर्यशीलच्या वडिलांनी ती हौसेनं आणली होती. ते गेल्यावर पंधरा वर्षं धैर्यशीलच ती चालवत होता.

धैर्यशील जर्मनीत इंजिनिअरिंग शिकून आलेला. पंपांचा स्वतःचा कारखाना. चाचा चौथीपर्यंत शिकलेले, आणि पन्नास वर्षं इंजिनं उघडत आलेले.

"बस की."

धैर्यशील बसला नाही. त्यानं फाइल उघडली.

"सगळा हिशेब मांडलाय. आत्ताचं इंजिन सत्तर एचपीचं. नवं बसवलं की एकशे ऐंशी. सहा सिलिंडरचं आहे, जपानी. येऊन पडलंय कारखान्यात."

"कशाला पायजे एवढं?"

"घाटाच्या शर्यतीला."

दर जानेवारीत घाटात जुन्या गाड्यांची शर्यत व्हायची. पायथ्यापासून एकेक गाडी सोडायची, माथ्यावर घड्याळ. मागची दोन वर्षं धैर्यशील दुसरा आला होता. दोन्ही वेळा पहिला आला सांगलीचा निरंजन आरवाडे. त्याच्या जुन्या गाडीच्या पोटात मोठं, नवं इंजिन होतं.

"सहा सेकंद, चाचा! दोन्ही वर्षं सहा सेकंदांनी हरलो. मला गाडी येत नाही म्हणून नाही. इंजिन म्हातारं झालंय म्हणून."

चाचांनी कार्ब्युरेटर फडक्यावर ठेवला.

"नवं बसंल आत?"

"पुढचा पत्रा कापावा लागेल. चासीचाही थोडा भाग. खडूनं खुणा करून झाल्यात. कटरवाला सोमवारी येतोय."

"कापल्यावर जुनं परत बसंल?"

"...नाही."

"खुणा झाल्यात, माणूस सांगून झालाय. मग मला काय विचारतोस?"

धैर्यशीलनं फाइल मिटली. 

"तुम्ही हो म्हणालात तर बरं वाटेल," तो शेवटी म्हणाला.

चाचांनी हात पुसले.

"नवं इंजिन जड किती?"

"गिअरबॉक्ससकट ऐंशी किलो जास्त."

"बसणार पुढंच?"

"पुढंच."

चाचा उठले. शेजारच्या फाउंड्रीत गेले आणि हातगाडीवर वाळूची दोन पोती घेऊन आले. चाळीस-चाळीस किलोची.

लाल गाडी दारातच उभी होती. चाचांनी पुढच्या दोन मडगार्डांवर घोंगडं टाकलं, त्यावर एक आडवी फळी.

"चाचा, रंग! रंग जाईल!"

"रंग मी देतो मारून. पोती धर."

दोघांनी पोती फळीवर चढवून दोरखंडानं घट्ट आवळली. गाडीचं नाक खाली बसलं.

चाचा शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

"चल घाटात."

* * *

चढताना गाडी कण्हत होती. धैर्यशील मनातून खूश झाला. बघा म्हणावं, या इंजिनात काय उरलंय.

"आता खाली," चाचा म्हणाले. "शर्यतीसारखी सोड."

पहिलं वळण निघालं. दुसरं कसंबसं निघालं.

तिसऱ्या वळणावर त्यानं स्टिअरिंग फिरवलं, आणि गाडी सरळच गेली. ब्रेकवर तो जवळजवळ उभाच राहिला. टायर किंचाळले. गाडी थांबली तेव्हा दगडी कठडा हातभर लांब होता. कठड्यापलीकडं दरी.

धैर्यशीलच्या मानेवरून घाम ओघळत होता. चाचा समोर बघत होते.

"चाचा..."

"हं."

"हे सत्तर एचपीनं झालं."

त्यानं पुढच्या पोत्यांकडं बघितलं.

"एकशे ऐंशीनं आलो असतो, तर..."

"पोती सोड," चाचा म्हणाले.

त्यानं दोरखंड सोडला. पोती कठड्याला टेकून ठेवली. दोघं पुन्हा माथ्यावर गेले आणि त्याच रस्त्यानं खाली आले.

या वेळी धैर्यशीलला जे जाणवलं, ते पंधरा वर्षांत कधी जाणवलं नव्हतं. गाडी वळवावी लागत नव्हती. नजर जाईल तिकडं तिचं नाक आपोआप जात होतं. तिसरं वळण आलं, गेलं. चौथं गेलं. मागच्या दोन्ही शर्यतींत चढतानाही या वळणांवर आपण उगाच ब्रेक मारत होतो, हे त्याला एकदम कळलं. सरळ पट्टा यायची वाट बघत होतो आपण, आणि गाडी वळणांसाठी बनवलेली होती.

पायथ्याला गाडी थांबवून तो हसला.

"समजलं चाचा. इंजिन नाही बदलायचं."

"मी कुठं तसं म्हटलं?"

धैर्यशीलचं हसू विरलं. "मग?"

"जे काढून टाकायचं म्हणतोस, ते कवा उघडून बघितलंयस?"

"दर वर्षी सर्व्हिसिंग होतं की."

"तू बघितलंयस का?"

धैर्यशील जर्मनीत शिकला होता. पंपांची तीन डिझाइनं त्याच्या नावावर होती. तो स्टिअरिंगवरच्या आपल्या स्वच्छ बोटांकडं बघत राहिला.

"...नाही," तो म्हणाला.

परत जाताना त्यानं कटरवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं.

* * *

तीन आठवडे तो कारखान्यातून थेट चाचांच्या गॅरेजवर यायचा. शर्ट काढून खुंटीला लावायचा आणि बनियनवर कामाला लागायचा. चाचा स्टुलावर बसलेले. पाना हातात घेत नव्हते, सांगतही नव्हते. चुकला की फक्त खाकरायचे.

पहिल्या आठवड्यात त्यानं एक बोल्ट तोडला आणि दोन दिवस तो काढण्यातच घालवले. चाचा खाकरले. बाकी काही नाही.

दुसऱ्या आठवड्यात कॅमशाफ्ट बाहेर आला. झडपा उघडणारा तो दांडा त्यानं खिडकीच्या उजेडात धरला. बोटानं एकेक उंचवटा चाचपत गेला. पहिला, दुसरा... आणि पुढं बोट घसरलं.

"चाचा! इथं उंचवटाच नाही!"

चाचा उठून आले. चष्मा वर करून बघितलं.

"झिजलाय."

"म्हणजे तिसऱ्या सिलिंडरची झडप उघडतच नव्हती?"

"जरा किलकिली व्हत असंल."

"किती वर्षं?"

"बरीच."

धैर्यशील जमिनीवर बसला. मांडीवर तो काळा, तेलकट दांडा. क्षणभर त्याचा चेहरा रडवेला झाला. मग खांदे हलायला लागले. तो हसत होता.

"सत्तर एचपी कधी नव्हतेच मला! चारातल्या तीनच सिलिंडरवर पळत होतो मी. तीन सिलिंडरवर, ब्रेक मारत मारत... आणि तरी सहाच सेकंदांनी हरत होतो!"

मग तो मोठ्यानं ओरडला, "सहाच सेकंद, चाचा!"

पलीकडच्या फाउंड्रीतली माणसं बाहेर येऊन बघायला लागली.

झिजलेल्या उंचवट्यावर मागच्या गल्लीतल्या कारागिरानं धातू चढवला आणि मापात घासून दिला. इंजिन पुन्हा बांधलं ते धैर्यशीलनं, एकेक नट स्वतः आवळून. स्टार्टर मारला तेव्हा सगळे सिलिंडर एका सुरात बोलले. तो बॉनेटवर दोन्ही तळवे ठेवून कितीतरी वेळ नुसता उभा राहिला. चाचा खाकरले नाहीत.

* * *

शर्यतीच्या दिवशी आरवाडेची गाडी आधी सुटली. तीन मिनिटं तेरा सेकंद. गेल्या वर्षीपेक्षाही कमी. माथ्यावर टाळ्या पडल्या.

मग खालून एक बारीक आवाज वर यायला लागला. वळणावळणाला तो मंदावेल असं लोकांना वाटायचं, आणि तो मंदावायचाच नाही. शेवटच्या वळणातून लाल नाक बाहेर पडलं. धैर्यशीलनं ब्रेकला पायही लावला नव्हता.

तीन मिनिटं अकरा सेकंद.

लोकांनी त्याला गाडीतून उचलूनच बाहेर काढलं. कुणी गुलाल आणला होता. टोपी कुठं गेली ते त्याला कळलं नाही. तो ओरडत होता, हसत होता. गर्दीतून वाट काढत तो चाचांच्या पायांशी वाकला. त्याच्या नखांत अजून काळं तेल होतं.

तेवढ्यात निरंजन आरवाडे आला. आधी धैर्यशीलला कडकडून मिठी मारली, मग चाचांकडं वळला.

"काय चाचा! तुम्ही बसवलेल्या इंजिनाला तुम्हीच हरवलंत की!"

तो हसत हसत आपल्या गाडीकडं निघून गेला.

धैर्यशील बघतच राहिला.

"त्याचं इंजिन... तुम्ही बदललं होतं?"

"हो."

"त्याला बदलून दिलंत, आणि मला वाळूची पोती?"

"त्यानं जुनं चारदा उघडलं होतं. मग आला."

 मागं ढोल सुरू झाला होता, लोक त्याला हाका मारत होते. धैर्यशीलनं वळून आपल्या गाडीकडं बघितलं. बॉनेटमधून ऊन हवेची थरथर वर चढत होती. 

"पण मी सांगतो चाचा, हे इंजिन आता मी जन्मात काढणार नाही!"

चाचांनी खांद्यावरच्या फडक्यानं त्याच्या कपाळावरचा गुलाल पुसला.

"तेवढं मात्र आज ठरवू नगंस."