कुडकुडणारी घोंगडी

या, पाय आत घ्या. एक होती हौसा. तिचं तान्हं बाळ थंडीनं काळंनिळं पडलं होतं, बरं का. ऊब मिळाली नाही तर ते काही जगायचं नाही. मग हौसानं बाळाला पाठीशी बांधलं आणि नदीकाठच्या बाजारात गेली. तिथली रीत अशी, की घासाघीस केली नाही तर दुकानदार रुसायचा. हौसानं पोटभर घासाघीस केली आणि स्वस्तात घोंगडी घेतली. बाळावर घातली, तर काय? घोंगडीच कुडकुडायला लागली. म्हणाली, "जिनं मला विणलं, तिची लेकरं गारठलीत. मी ऊब कुठून देऊ?"

हौसा चपापली. तिला वाटलं, माझ्या घासाघिशीचंच हे पाप. मग ती डोंगरापलीकडच्या बाजारात गेली. तिथं भाव करणं म्हणजे दुकानदाराचा अपमान. हौसानं मुकाट्यानं पायातले वाळे काढून दिले आणि दुसरी घोंगडी घेतली. तीही मेली कुडकुडतच राहिली. वाळे व्यापाऱ्याच्याच पेटीत गेले होते ना, विणणारीपर्यंत पोचलेच नव्हते.

मग ती तिसऱ्या बाजारात गेली. तिथले लोक भारी सोवळे. ते म्हणाले, जिच्यापायी कुणी गारठतं ती वस्तू घेऊच नये. आम्ही तर घोंगडी घेणंच सोडलंय. हौसा तशीच परतली. वाटेत एका झोपडीपुढं, विणायच्या मागापाशी, एक बाई रडत बसली होती. तिचं नाव ठमा. सगळ्या घोंगड्या तीच विणायची, आणि आता कुणी घेईना म्हणून तिची चूलही विझली होती.

स्वस्त घ्या तरी चूक, महाग घ्या तरी चूक, आणि नाही घेतलं तरी चूकच. हौसा ठमाशेजारी बसली. "बाई गं, मी करू तरी काय?"

ठमानं डोळे पुसले. "सगळे बाजार पालथे घातलेस, मला मात्र आज विचारलंस. दोन आहेत ना तुझ्याकडं? एक माझ्या पोरांवर घाल."

हौसानं घातली. तोच बाळाच्या अंगावरची दुसरी घोंगडी ऊन ऊन झाली, आणि बाळ खुदकन हसलं. मग हौसानं घरचं पीठ आणून ठमाची चूल पेटवली.

आता खरी रीत कुठल्या बाजाराची? ते हौसाला कधी कळलं नाही, आणि मलाही कळत नाही, बाळांनो. पण पुढं घोंगडी हवी झाली की ती आधी ठमाकडं जायची आणि तिच्या पोरांचे पाय चाचपायची. उबदार लागले, की मगच घ्यायची. दोन्ही घरं सुखानं नांदली.

दाखवा बघू तुमचे पाय. आहेत, ऊन आहेत. निजा आता.