पदराच्या गाठी

एकदा, फार जुन्या काळी, नदीवर पूल बांधायचं अजून कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि आपल्याला सगळं येतं असं वाटणाऱ्या थोरांनी तर कान देऊन ऐकावी.

एका गावाला एकच नाव होती, आणि ती चालवणारी एकच बाई. तिचे डोळे अधू होत चालले होते. म्हणून तिने वल्हं आपल्या भाचीच्या हाती द्यायचं ठरवलं.

नदीत अकरा खडक होते. उन्हाळ्यात ते उघडे पडत, पावसाळ्यात गढूळ पाण्याखाली बुडत. मग वाट डोळ्यांना दिसत नसे, डोक्यातच असावी लागे. कासवखडकापासून सात वल्ही मारायची, मग उजवीकडे वळायचं, मग जुळ्या खडकांमधून सरळ.

त्या घराण्याची शिकण्याची एक रीत होती. नदीकडे पाठ करून वाळूत बसायचं आणि अख्खी वाट बोलून दाखवायची. जिथे अडेल, तिथली एक गाठ पदराला मारायची. ती जागा तीन वेगवेगळ्या दिवशी, न बघता, बिनचूक आली तरच गाठ सोडायची.

उन्हाळ्यात, खडक उघडे असताना, शिकणं सुरू झालं. भाची हुशार होती. पण पहिल्याच दिवशी तिच्या पदराला सहा गाठी पडल्या.

पाण्याला आलेल्या मैत्रिणी खिदळल्या. "काय गं, पदर आहे की मासे धरायचं जाळं?"

भाचीला ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी अडली की ती हळूच मान वळवी. खडक दिसला की म्हणे, "हात्तिच्या! हे तर मला येतच होतं!" आणि गाठ सोडून टाकी. आठ दिवसांत पदर मोकळा.

आत्याने पदर हाताने चाचपला. "एकही नाही?"

"एकही नाही. तू मला अगदीच कुक्कुबाळ समजतेस, आत्या."

"पोरी, बघून ओळखणं वेगळं आणि येणं वेगळं."

"येतं गं मला!"

आत्याने वल्हं दिलं.

श्रावणात नदी दुथडी भरली. त्याच दिवसांत भाचीची धाकटी बहीण बाळंतपणात अडली. सकाळची दुपार झाली, तरी सुटका होईना. सुईण राहायची नदीपलीकडे.

धाकटीचा नवरा धावत काठावर आला. "ताई, काहीही करा, पण सुईणीला आणा!"

आत्या काठी टेकत आली. तिने भाचीचं मनगट धरलं. "सगळं येतं ना? एखादी जागा जरी कच्ची असली तरी सांग. मी नावेत बसते. डोळे गेलेत, वाट नाही गेली."

भाचीला वाटलं, आता कच्चं म्हटलं तर गाव काय म्हणेल? आणि कच्चं तरी कुठे आहे? "येतं," ती म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती हो. तिला खरंच तसं वाटत होतं. खोटं ती आधीच बोलली होती, स्वतःशी, वाळूत बसून.

ती एकटीच नाव घेऊन निघाली. कासव मागे पडलं. जुळेही पडले. पुढे? पाच वल्ही की नऊ? डावीकडे की उजवीकडे? ती पाण्याकडे बघत राहिली. खडक दिसला असता तर तिने लगेच ओळखला असता. पण पाणी सगळीकडे सारखंच, लाल आणि मुकं.

खडकाने नावेचा तळ फोडला. एका फळीला धरून भाची कशीबशी काठाला लागली, ती गावाच्याच काठाला. पलीकडे, इकडची धावपळ बघून, सुईण आपलं गाठोडं काखेत घेऊन उभी होती. गावात दुसरी नाव नव्हती.

दिवस कलायच्या आत लेकरू जन्मलं आणि धाकटी गेली.

ओल्या लुगड्यानिशी भाची आत्याच्या पायाशी बसली. "आत्या, मला येत नव्हतं."

आत्याने तिचा ओला, बिनगाठीचा पदर चाचपला. मग म्हणाली, "न येण्यात लाज कसली होती गं? सहा काय, साठ गाठी असत्या तरी मी तुला वल्हं दिलं असतं आणि शेजारी बसले असते. तू मला बसूच दिलं नाहीस."

पावसाळा सरला, नवी नाव बांधली. भाची पाठमोरी बसून एकेक वळण पक्कं शिकली आणि पुढे जन्मभर तिने कुणाला बुडू दिलं नाही. पण धाकटीचा नवरा त्या नावेत पुन्हा बसला नाही. पलीकडे जायचं झालं की तो लेकीला खांद्यावर घेई आणि दोन दिवसांचा वळसा घालून वरच्या उथळ पाण्यातून जाई. काठाकाठाने निघताना पोर रडायची. भाची काठावरून ऐकायची. हाक मारायला तिला तोंड नव्हतं.

तात्पर्य: समोर पाहून ओळखलं म्हणजे आलं असं नाही, पाठ फिरवून स्वतःला विचारावं, आणि जिथे अडतं ते स्वतःपासूनही लपवू नये.