पायाशी फुललेला निवडुंग

फार पूर्वी, झाडं चढता चढता कंटाळून मागे फिरली आणि गवत तेवढं वर पोचलं, अशा एका डोंगरमाथ्यावर एक मधमाशी वाट चुकून आली. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं, आणि सूर्य बुडाला की तिथे पाणीसुद्धा गोठायचं. त्याआधी मध मिळाला नाही तर तिचं काही खरं नव्हतं.

"गवतराव, थोडा मध मिळेल का?" तिने विचारलं.

"मध? छे! आमच्याकडे उंची आहे," गवत डुलत म्हणालं. "हवी तेवढी बघून घे. त्या खालच्या ठेंगण्याकडे मात्र जाऊ नकोस. फुलं डोक्यावर माळायची एवढंही त्याला कळत नाही. पायात बांधून बसलाय."

तेवढ्यात वारा सुटला. माशी गरगरत दगडांत आपटली. समोर लिंबाएवढा निवडुंग होता. अंगभर काटे आणि बुडाशी लालभडक फुलांचं कडं.

"माशीबाई, उडू नका, चालतच आत या," तो म्हणाला. "या वाऱ्यात माझ्याकडे सगळे असे पडूनच येतात, म्हणून फुलं खाली ठेवलीत. सांजेला पाकळ्या मिटतील, तेव्हा आतच झोपा. ऊब असते."

माशी फुलात शिरली आणि पोटभर मध प्याली. वारा आणखी चढला, तसं गवत पार आडवं झालं आणि त्याचं नाक फुलाला टेकलं.

"अरेच्चा! इतकं सुंदर? हे उमललं कधी?"

"उमललं कधीचंच," निवडुंग म्हणाला. "तुम्ही वाकलात मात्र आज."