गंजाची पेटी

खाली तयार होणारी आग वर का जळते, असा प्रश्न तिरप्या नावाच्या खेकड्याने पुष्कळांना विचारला होता.

त्या राज्यात बगळे झाडावर राहत आणि खेकडे झाडाखाली. बगळ्यांचे जे काही पडे ते पन्हळीतून वाहत खाली येई आणि खेकडे ते एका मोठ्या झाकलेल्या कुंडात ढकलत. कुंडात ते कुजे. कुजताना वायू निघे. तो वायू उंच नळीने शेंड्यापर्यंत जाई आणि तिथे रात्रंदिवस जळे. बगळे त्या ज्वाळेला निर्मळज्योत म्हणत. तिच्याभोवती पंख पसरून ते शेकत बसत आणि पाहुण्या पक्ष्यांना सांगत, "आमच्या राज्यात घाण म्हणून काही उरतच नाही."

खेकड्यांची बिळे गार असत. खेकड्याचे पिल्लू कात टाकते तेव्हा त्याचे अंग लोण्यासारखे मऊ होते. ऊब मिळाली तर नवे कवच धरते. मागच्या थंडीत तिरप्याचा थोरला भाऊ राणबा याच्या एका पिल्लाने कवच धरले नाही. राणबा कुंडाभोवती फिरत राहिला आणि मग त्याने एक जोडणी मांडली.

नळीला बुंध्याशी एक फाटा काढायचा आणि तिथे वायू वळवणारी चावी बसवायची. फाट्याला उतार द्यायचा, म्हणजे वायूतले पाणी खड्ड्यात गळून जाईल. मग वायू एका पेटीतून न्यायचा. पेटीत लाकडाच्या भुशात कालवलेला गंजका लोखंडाचा कीस. कुंडातल्या वायूत सडक्या अंड्याच्या वासाचे विष असते, ते गंज धरून ठेवतो. पुढे पाण्यावर पालथी तरंगणारी टोपी. वायू साठला की ती वर चढणार, वापरला की खाली बसणार. तिथून थोडा वायू कुंडाखाली जळणार, कारण थंडीत कुंडही कुजायला कंटाळते. बाकीचा बिळांकडे.

"आन् वरच्यांच्या ज्योतीला?" जोडणी उभी झाल्यावर राणबाच्या बायकोने, केवडीने विचारले.

"कुंड ऊब धरलं की वायू लई निघंल. त्यांचंबी जळंल, आपलंबी."

"मग त्यांना इचारायचं कशाला?" तिरप्या म्हणाला. "फिरव की चावी!"

"तू गप," राणबा म्हणाला. "तुझी सगळी अक्कल नांगीत हाय."

राणबा रीतसर विचारायला गेला. बगळ्यांचे मुखिया शुभ्रराव जोडणी पाहायला खाली आले आणि दुसरा पाय चिखलाला लागू नये म्हणून एकाच पायावर उभे राहिले. जोडणी त्यांना आवडली. त्यांनी मोठे उद्घाटन ठरवले. मग त्यांनी पेटीत डोकावले.

"हे काय? गंज?"

"व्हय साहेब. त्योच तर..."

"आमच्या राज्याच्या नळीत गंज? पाहुणे येणार आहेत, राणबा. सगळं घासून लख्ख करा."

"लख्ख लोखंड इष धरत न्हाई, साहेब."

"मग उद्घाटन पुढच्या वर्षी ठेवू."

राणबाने बिळाकडे पाहिले. तीन पिल्ले कात टाकायला आली होती.

"दादा, नको," तिरप्या म्हणाला.

"वलीत ऱ्हाऊन लोखंड परत गंजंल. तवर सांभाळून घिऊ. थंडी थांबत न्हाई, बाबा."

कीस घासला गेला. घासण्यासाठी उघडलेले पेटीचे झाकण घाईत नीट बसले नाही.

उद्घाटनाला चावी फिरली. सडक्या अंड्यांचा भपकारा आला, बगळ्यांनी चोची पंखांत खुपसल्या. थोड्या वेळाने वास येईनासा झाला. "गेला!" शुभ्रराव म्हणाले आणि सगळ्या फांद्यांवर पंख फडफडले. पण विष फार झाले की ते आधी नाक मारते. हे राणबाला ठाऊक होते, आणि टोपीची गंमत पाहायला खेकड्यांची पोरे पेटीजवळच जमली होती. त्याने त्यांना मागे ढकलले, स्वतः त्या विषात शिरून चावी उलटी फिरवली आणि तिथेच उताणा झाला.

बगळ्यांनी दुखवटा पाळला. वायू मुळातच दुष्ट आहे, असे ठरवून त्यांनी फाट्याला हात लावायला बंदी केली आणि वरच्या ज्योतीला राणबाचे नाव दिले.

"नाव नगं," तिरप्या झाडाखालून ओरडला. "ऊब द्या!"

"तुझ्या भावना आम्ही समजतो," शुभ्रराव वरून म्हणाले.

तिरप्याला जोडणीतले अर्धे कळत नव्हते. गंज तेवढा कळत होता. तो बिळाबिळाशी जाऊन ओरडला, "गंज काढा! जेवढा आसंल तेवढा!" म्हाताऱ्यांनी गळातले आकडे दिले, कुणी खिळे, कुणी तुटकी साखळी. घासलेला कीस पसरून सगळे खेकडे त्यावर फेस टाकत बसले. बगळ्यांनी हे पाहिले, पण थुंकीकडे बगळा फार वेळ पाहत नाही. कीस तांबडा झाला. पेटीचे झाकण केवडीने स्वतः बसवले, चिखलाने लिंपले आणि वर बसून राहिली.

"हलतंय का बघ," ती म्हणाली.

"तू बसल्यावर काय हलतंय, वहिनी!"

राणबा गेल्यानंतर ती त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

राणबाज्योतीचा पहिला उत्सव त्याच थंडीत, भर दुपारी होता. शुभ्रराव त्यागावर बोलत होते. तिरप्याने चावी पुरी फिरवली, वरच्यांसाठी काहीच ठेवले नाही. टोपी डुलत वर चढली. कुंडाखाली धग लागली. एकेका बिळात निळी जीभ उभी राहिली. वर, वाक्याच्या मध्येच, ज्योत विझली.

शुभ्रराव खाली झेपावले. या वेळी त्यांचे दोन्ही पाय चिखलात रुतले. त्यांनी तिरप्याला पाठीकडून चोचीत धरले आणि ओढले.

"सोड चावी!" फांद्यांवरून बाकीचे ओरडत होते. "अरे मूर्खा, सोड!"

केवडी बिळाच्या तोंडाशी आली होती. तिच्या मागे उजेडात तीन मऊ पिल्ले एकमेकांवर चढत होती.

"आत जा, वहिनी," तिरप्या म्हणाला. "पोरांपाशी बस."

बगळ्याने हिसका दिला. तिरप्याने खांद्यातून अंग सैल केले. बगळा खेकडा घेऊन उडाला, आणि नांगी चावीवर राहिली, घट्ट मिटलेली.