फरक नसल्याचा दाखला

विषय : मूळ खुकुरी व तिची हातघडणीची प्रतिकृती यांत फरक नसल्याचा गुरूंचा दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : लोकेंद्र विश्वकर्मा यांचा जिल्हा हस्तकला कार्यालयाकडील अर्ज. सोबत खुकुऱ्या दोन, मोजमापांचा तक्ता एक.

“मग दाखवा ना बाजे, कुठे आहे फरक?”

लोकेंद्रने हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्या वेळी आवाजात नम्रता होती, दुसऱ्या वेळी सबुरी. आता दोन्ही संपल्या होत्या.

बाजे म्हणजे आजोबा. त्याचे गुरू, म्हातारे हर्कमान लोहार, भात्याची दोरी ओढत राहिले. पूर्व नेपाळच्या त्या डोंगरवाडीत भट्टी एकच होती, आणि तिच्यापुढे कोणी आवाज चढवला की ते आधी कोळसे फुलवून घेत.

समोरच्या फळीवर दोन खुकुऱ्या होत्या. दोन्ही पुढे झुकलेल्या पात्याच्या, दोन्हींना मुठीजवळ ती छोटी खाच, दोन्हींच्या मुठी म्हशीच्या शिंगाच्या. डावी हर्कमानच्या वडिलांनी वाडीतल्या मनमाया राईच्या सासऱ्यासाठी घडवलेली. उजवी लोकेंद्रने चाळीस दिवसांत.

लोकेंद्र सहा वर्षं या भट्टीवर शिकला. मग दोन वर्षं शहरातल्या कारखान्यात राहून आला. तिथून त्याने केसाएवढं मोजणारा एक व्हर्नियर आणला, एक प्रमाणपत्र आणलं आणि गुरूंच्या चुका काढायची सवय आणली. तिन्ही तो रोज वापरत असे.

त्याच्या हातची खुकुरी अजून दुकानदाराच्या शिक्क्याने विकली जायची. पात्यावर स्वतःचा शिक्का मारायचा तर परवाना हवा, आणि परवान्यासाठी जुन्या खुकुरीची हुबेहूब प्रतिकृती करून गुरूंकडून लिहून आणायचं, की फरक नाही. मुदत महिनाअखेर. महिन्याचे चार दिवस उरले होते.

“लांबी तीच,” लोकेंद्र तक्ता वाचू लागला. “वजन तेच. पोटाची रुंदी तीच. खाचेची खोली तीच. मुठीला तडा आहे ना? तोसुद्धा काढलाय.”

“तडासुद्धा?”

“हुबेहूब.”

“हिला तडा जायला चाळीस वर्षं लागली, कान्छा. तुला?”

“एक दुपार.”

“हुशार आहेस.”

कान्छा म्हणजे धाकटा. हर्कमान सगळ्या शिष्यांना कान्छा म्हणत. लोकेंद्र एकतीस वर्षांचा होता आणि त्याला ते आवडत नसे.

“पाणी किती दिलंस?”

लोकेंद्र या प्रश्नाची वाटच पाहत होता. तापल्या पात्याच्या फक्त धारेवरून किटलीतलं पाणी सोडायचं. तेवढी पट्टी कडक होते, मागचं लोखंड मऊ राहतं. हात हलला तर चाळीस दिवस वाया.

“हिला आहे तेवढंच. अर्धं बोट. मोजून दिलंय.”

“माझ्या बापाने दोन बोटं दिलं होतं.”

“मग इथे अर्धंच कसं दिसतं?”

हर्कमानने भाता सोडला. धार लावायचा दगड पुढे ओढला, त्यावर ओंजळभर पाणी टाकलं, जुनी खुकुरी उचलली आणि घासायला सुरुवात केली.

कर्र... कर्र...

“बाजे! अहो, काय करताय?”

कर्र...

“परवान्याच्या नियमांत कलम सात आहे! तपासणीच्या काळात मूळ वस्तूत बदल करता येत नाही!”

“ते मनमायादिदीला सांग. ती रोज सकाळी करते.”

पन्नासेक हात मारून त्यांनी पातं धोतराच्या सोग्याला पुसलं आणि पुढे केलं.

“आता मोज.”

लोकेंद्रने मोजलं. पुन्हा मोजलं. व्हर्नियर उजेडाकडे धरून मोजलं. पोटाशी केसभर कमी भरत होतं.

... ... ...

दुसरा कोणी असता तर पाया पडला असता, किंवा उठून गेला असता. लोकेंद्रने आपली खुकुरी उचलली, तोच दगड आपल्याकडे ओढला आणि घासायला बसला.

“काय करतोस?”

“बरोबरी.”

या वेळी त्याची केसभर कमी भरली. हर्कमानने हात पुढे केला.

“आण, मी घासतो. अशाने संध्याकाळपर्यंत दोघांच्या सुया होतील.”

“झाल्या तर सारख्याच होतील!”

“हे मात्र खरं.”

दगड दोनदा इकडून तिकडे गेला. कोणी हरायला तयार नव्हतं. शेवटी दोन्ही पाती अगदी सारखी भरली तेव्हा लोकेंद्रच्या कपाळावरून घाम टपकत होता आणि तक्त्यातला एकही आकडा खरा उरला नव्हता.

“हर्के! आहेस का मेलास?”

दारात मनमाया राई उभी होती. वय ऐंशीच्या पुढे, पाठीवर रिकामी डोको, म्हणजे कपाळाला पट्ट्याने अडकवायची टोपली.

“चाळीस दिवस झाले, चाळीस! म्हैस माझ्याकडे बघतसुद्धा नाही. शेजारणीच्या कोयत्याने चारा कापतेय, परवा अंगठाच जायचा. कुठे आहे माझी खुकुरी?”

“घ्या दिदी. फळीवर आहे.”

तिने उजवीकडची उचलली, कमरेच्या पटक्यात खोचली आणि वळली.

लोकेंद्र ताडकन उभा राहिला.

“पाहिलंत? पाहिलंत बाजे? साठ वर्षं वापरतेय ती! तिलासुद्धा कळलं नाही! आता बोला!”

हर्कमान दगडावरचं पाणी पुसू लागले.

“बजै,” लोकेंद्र त्या आजीला म्हणाला, आणि त्याच्या आवाजात लग्नघरातला आनंद होता, “ही तुमची नाही. ही मी घडवली. तुमची ती तिकडे.”

म्हातारीने खुकुरी काढून डोळ्यांजवळ नेली. पाठ पाहिली. मूठ पाहिली. मग धारेवरून अंगठा आडवा फिरवला.

“ही माझी नाही?”

“नाही.”

“मग कोण वापरत होतं?”

“कोणी नाही. नवी आहे. कोरी.”

“कोणी नाही?” ती म्हणाली. “मग झिजली कशी?”

लोकेंद्रची नजर ओल्या दगडाकडे गेली.



मनमायाने खुकुरी बदलून घेतली, पोराला काही तरी होतंय अशा नजरेने त्याच्याकडे पाहिलं आणि ती उतरणीला लागली. थोड्या वेळाने खालून चारा तोडल्याचे आवाज येऊ लागले. एक घाव, एक फांदी.

हर्कमानने हात पसरला.

“आण तो कागद.”

“कशाला?”

“सही हवी होती ना?”

लोकेंद्र भांडायच्या तयारीत आला होता. सहीच्या तयारीत तो नव्हता. त्याने कागद दिला. हर्कमानने ‘फरक नाही’ या शब्दांखाली आपलं नाव एकेक अक्षर घडवल्यासारखं लिहिलं आणि कागद परत केला.

“तुम्ही खोटी सही करताय.”

“दिदीने दोन्ही पाहिल्या. मी कोण फरक काढणारा?”

“मला तुमची मेहरबानी नको!”

“सही आहे ती. शिक्का मार, दुकान थाट. जा.”

लोकेंद्र गेला नाही. त्याने फळीवरची आपली खुकुरी उचलली आणि धारेवरून अंगठा आडवा फिरवला, म्हातारीने फिरवला होता तसा. मग कागद पुन्हा उलगडला.

“एक रकाना राहिलाय.”

“कसला?”

“‘मूळ वस्तू कोणत्या वर्षी पूर्ण झाली.’”

कोणतंही वर्ष चाललं असतं. कार्यालयात ते तपासणारं कोणी नव्हतं, आणि हे लोकेंद्रला ठाऊक होतं. त्याने खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि गुरूंकडे पाहिलं.

खालून आवाज येतच होते.

“लिही,” हर्कमान म्हणाले, “काम चालू आहे.”

त्याने लिहिलं. कार्यालयाने ‘वर्ष आकड्यांत लिहावे’ असा शेरा मारून कागद दोनदा परत पाठवला. लोकेंद्रने दोन्ही वेळा तोच मजकूर अधिक ठळक अक्षरांत लिहून पाठवला. मुदत उलटली आहे. अर्ज प्रलंबित आहे.