मागाल तितक्यांदा

नदीकाठच्या एका गावात गोदूबाई नावाची एक खाणावळवाली राहत होती. तिचा हात मोठा सढळ. पाहुणा पाटावर बसला रे बसला, की त्याच्या पानात भाताचा डोंगर आणि भाजीचा ढीग! पाहुणे पोट धरून उठत आणि निम्मं अन्न पानातच राही. सून ते रोज उकिरड्यावर टाकी आणि हळहळे.

"आत्याबाई, विचारून वाढलं तर?"

"छे! लोक म्हणतील, गोदूबाईनं हात आखडला."

शेजारी येसाजी फळवाल्याचं दुकान होतं. त्याचीही तीच तऱ्हा. केळ्यावर काळा डाग दिसला की पूर्ण फणी नदीत.

एकदा लग्नाचं वऱ्हाड संध्याकाळी पलीकडच्या गावी परत निघालं, तर नावेच्या तळाला भलंमोठं भोक पडलेलं! "सकाळपर्यंत नाव हलायची नाही," नावाड्यानं सांगून टाकलं. सगळं वऱ्हाड गोदूबाईच्या दारात आलं.

सुनेनं डबे उघडून पाहिले. "आत्याबाई, नेहमीसारखं वाढलं तर निम्म्यांनाच पुरेल. बाजारही उठलाय."

गोदूबाई पेचात पडली. थोडं वाढावं तर लौकिक जाईल, भरभरून वाढावं तर निम्मी माणसं उपाशी झोपतील. तिनं बाहेर पाहिलं. नवी नवरी खांबाला टेकून पेंगत होती. तिच्या मांडीवर कुणाचंतरी लेकरू भुकेनं कुरकुरत होतं.

गोदूबाईनं पदर खोचला. "सकाळच्या भाकऱ्या आण, कुस्करून फोडणीला टाकू." सुनेला एवढं सांगून तिनं शेजारी हाक मारली, "येसाजी, ती काळी केळी फेकू नकोस, इकडे दे!"

"अहो वहिनी, ती कोण खाणार?"

"सोलून तर बघ, आत मध आहे मध!"

पानं मांडली. पहिलं पान नवरदेवाच्या मामांचं. मामा नाकावर माशी बसू न देणारे. पानातला मूठभर भात बघून ते म्हणाले, "बाई, एवढंसंच?"

गोदूबाईचा चेहरा उतरला, पण ती मागे हटली नाही. "मामा, ही सुरुवात आहे. मागाल तितक्यांदा वाढीन. पण मागाल तेवढंच वाढीन."

आणि ती खरंच पुन्हा पुन्हा फिरली. कुणाला भात हवा होता, कुणाला नुसती आमटी. फोडणीच्या भाकरीवर पोरं तुटून पडली. केळ्यांच्या शिकरणासाठी तर मामांनीच तीनदा वाटी पुढे केली! शेवटी सासू-सून जेवायला बसल्या, तेव्हा त्यांच्यापुरतंही शिल्लक होतं. उकिरड्यावर मात्र नुसत्या पत्रावळी गेल्या.

सकाळी निघताना मामा म्हणाले, "बाई, आजवर लोकांनी मला वाढलं. तुम्ही पहिल्यांदा विचारलंत."

गोदूबाईनं हसून सुनेकडे पाहिलं.

पुढच्या बाजाराला मामा नावेतून उतरले ते थेट येसाजीकडे. "काळी केळी आहेत का?"

"ती वेगळ्या टोपलीत ठेवतो हल्ली," येसाजी हसत म्हणाला, "पण आज तुमच्या आधीच संपली!"

तात्पर्य: पानात ढीग घालणं म्हणजे आदर नव्हे. भूक विचारून वाढावं आणि डाग पाहून टाकू नये, म्हणजे थोडक्यातही सगळ्यांची पोटं भरतात.