सहा दहा आणि एक सात

चिंचटेक नावाच्या गावात सत्तू नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा म्हणजे साधासुधा भोळा नव्हे. त्याला जेवढं सांगाल तेवढंच तो करायचा. तिळभर कमी नाही, तिळभर जास्त नाही.

एकदा त्याची आई अंगणात पापड वाळत घालून नदीवर धुणं धुवायला गेली. जाताना म्हणाली, "सत्तू, कावळा आला की मला हाक मार."

एकोणीस कावळे आले. सत्तूने एकोणीस हाका मारल्या. नदी लांब, आईला एकही ऐकू आली नाही. ती परतली तेव्हा सत्तूचा घसा बसलेला, कावळ्यांचं जेवण झालेलं.

"अरे मेल्या, उडवून लावायचे होते की!"

"ते कुठं सांगितलंस?" सत्तू घोगऱ्या आवाजात म्हणाला.

तर असा हा सत्तू. देवळापुढे लोकांच्या चपला राखायचा. ते काम त्याला झकास जमायचं, कारण चपला काही सांगत नाहीत.

आता चिंचटेकच्या यात्रेची एक गंमत होती. दुसऱ्या गावांत कुस्त्या व्हायच्या, तमाशे व्हायचे. चिंचटेकला गाड्यांची स्पर्धा व्हायची. भंगारात गेलेली जीप म्हणा, ट्रॅक्टर म्हणा, घरी आणायचा, ठोकून-ठाकून, रंगवून, नटवून नवा करायचा आणि यात्रेत मैदानावर आणून उभा करायचा. ज्याची गाडी भारी, त्याला शील्ड.

स्पर्धा झकास. परीक्षक तेवढे बेकार. यात्रा कमिटीचे अध्यक्ष होते रंगराव आण्णा. पहिल्या वर्षी परीक्षक आण्णांचा मेव्हणा. दुसऱ्या वर्षी साडू. तिसऱ्या वर्षी व्याही. आणि तिन्ही वर्षं पहिला नंबर कुणाचा? आण्णांच्या सख्ख्या भाच्याचा, धैर्यशीलचा! त्याची जीप शहरातल्या कारखान्यात तयार व्हायची. धैर्यशीलने पाना कधी हातात धरला नव्हता. बोटाला काळं लागतं म्हणे.

यंदा मात्र गाव चिडलं. कारण यंदा शील्डबरोबर एस.टी. स्टँडसमोरचा पंचायतीचा गाळाही मिळणार होता. पाच वर्षांसाठी.

त्या गाळ्यावर मालूताई मिस्त्रिणीचा जीव अडकला होता. मालूताई बापाकडून पाना धरायला शिकलेली. गावातली निम्मी इंजिनं तिच्या हाताखालून गेलेली. रस्ता रुंद करायचा म्हणून तिचं पत्र्याचं शेड सोमवारी पाडणार होते. स्पर्धा होती रविवारी. गाळा मिळाला तर गॅरेज, नाहीतर पाने पोत्यात भरून घरी बसायचं. तिने तीन वर्षं खपून एक जीप उभी केली होती. ती जीप तिला एका शेतात सापडली, तेव्हा इंजिनात कोंबड्या अंडी घालत होत्या.

गाव म्हणालं, "आण्णा, यंदा परीक्षक तुमच्या नात्यातला नको. कुणाच्याच नात्यातला नको."

आण्णांनी मिशीवरून हात फिरवला. "मग सत्तू चालेल? त्याला ना भाऊ ना भावकी."

गाव हसलं आणि हो म्हणालं. ज्याला काही कळतच नाही, तो लबाडी कशी करणार? आण्णाही मनातल्या मनात हसले. सांगू तेवढंच करणारा परीक्षक त्यांना आजवर मिळाला नव्हता. मेव्हणासुद्धा मध्येमध्ये स्वतःचं डोकं चालवायचा.

रविवारी सकाळी आण्णांनी सत्तूला बाजूला घेतलं. "हे बघ सत्तू, मी सांगेन तसंच करायचं. स्वतःचं डोकं वापरायचं नाही."

"मग घरी ठेवून येऊ?"

"असू दे. फेटा कशावर बांधणार?"

सत्तूला गुलाबी फेटा बांधला. त्याची आई पहिल्या रांगेत येऊन बसली. जन्मात पहिल्यांदा पोराला कुणी मान दिला होता. तिने देवाला हात जोडले आणि म्हणाली, "आजचा दिवस तेवढा नीट जाऊ दे रे बाबा."

देव बहुतेक दुसरीकडे बघत होता.

मैदानावर सात गाड्या उभ्या राहिल्या. आण्णांनी माईक हातात घेतला. "मंडळी, यंदाचे परीक्षक वरवर बघणार नाहीत! आत काय आहे ते बघणार!"

टाळ्या पडल्या. सत्तूने ते नीट ऐकून घेतलं.

पहिली गाडी बापू चौगुल्याचा ट्रॅक्टर. लालभडक, दोन्ही बाजूंना मोर काढलेले. बापू जरा भजी खाऊन येतो म्हणून गेला. सत्तूने त्याचीच पान्यांची पेटी उघडली आणि आत काय आहे ते बघायला लागला. आधी बॉनेट काढलं. मग बॅटरी काढली. सीट काढली, तिचं कव्हर उसवलं, स्पंज बाहेर काढला. सगळं एका ताडपत्रीवर वाळवणासारखं मांडलं.

बापू आला. हातातलं भजं हातातच राहिलं.

"सत्तू! हे काय रं?"

"आत बघतोय. पण आत गेलं की आणखी एक आत आहे. अजून पोचलो नाही."

बापू ताडपत्रीवर फतकल मारून बसला आणि नटबोल्ट ओंजळीत घेऊन रडायला लागला. आण्णा धावत आले.

"अरे मूर्खा, परीक्षकानं हात लावायचा नसतो! हात पाठीमागं धरायचे आणि नुसतं बघायचं. कळलं?"

"कळलं," सत्तू म्हणाला. आणि खरंच कळलं होतं.

दुसरी गाडी धैर्यशीलची. काय सांगू तुम्हाला ती गाडी! पिवळीधमक जीप, अकरा भोंगे, चाकांत दिवे, आरशाला मखमलीची झालर. हँडब्रेकचा दांडा चांदीसारखा लखलखीत. नुसता दांडाच होता. खाली ब्रेक जोडायचा राहून गेला होता, कारण तो बाहेरून दिसत नाही.

जीप उतारावर उभी होती. धैर्यशील तिला पुढून टेकून फोटो काढून घेत होता. तो बाजूला झाला आणि जीप हळूच निघाली.

"अरे धरा! सत्तू, धर की!"

सत्तू अगदी जवळ होता. त्याने हात पाठीमागे धरले आणि जीपबरोबर चालत निघाला. डोळे मोठे करून बघत होता. जीप पाहुण्यांसाठी मांडलेल्या रिकाम्या खुर्च्यांत शिरली. चार रांगा आडव्या केल्या आणि थांबली. एक भोंगा आपोआप वाजायला लागला तो थांबेचना.

"बघत काय राहिलास?" आण्णा किंचाळले.

"नुसतं बघायचं म्हणालात. छान चालली की. माणसाशिवाय चालली."

पब्लिक हसून हसून लोळायला लागलं. आण्णांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "अरे टोणग्या, गाडी सरकायला लागली की चाकाखाली दगड टाकायचा! आधी दगड, मग बाकीचं!"

"आधी दगड," सत्तू म्हणाला. त्याने एक चांगला पायलीएवढा दगड शोधला आणि काखेत धरला.

तिसरी गाडी मालूताईची. रंग साधा, शेवाळी. झालर नाही, भोंगा एकच. तिने बॉनेटवर एकदा हात ठेवला, आत बसली आणि किल्ली फिरवली. इंजिनाचा आवाज असा आला की बापू चौगुलाही रडायचा थांबला. जीप निघाली.

म्हणजे सरकायला लागली.

सत्तूने पळत जाऊन पुढच्या चाकाखाली दगड टाकला.

मालूताईने करकचून ब्रेक दाबला. जीप दगडाला टेकून थांबली. हादऱ्याने डाव्या दिव्याची काच निखळली आणि फुटली. ती काच मालूताईने तीन बाजार पालथे घालून मिळवली होती.

मालूताई खाली उतरली. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण सत्तूचा फेटा सुटून नाकावर आला होता, आणि पहिल्या रांगेत त्याची आई पदराने तोंड झाकून बसली होती. मालूताईला ओरडवेना.

"सत्तूदादा," ती म्हणाली, "दुसऱ्याच्या गाडीचं काही करायचं असलं की आधी मालकाला विचारावं. एवढं लक्षात ठेव."

"ठेवतो, ताई. आधी मालकाला विचारायचं."

उरलेल्या चार गाड्यांना त्याने कसलाच त्रास दिला नाही. मालकांना विचारलं, "बघू का?" ते म्हणाले, "लांबूनच बघ." त्याने झाडाखालून बघितलं.

मग गुण द्यायची वेळ आली. मैदानाच्या मधोमध काळा फळा उभा केला. सत्तूच्या हातात खडू दिला. दहापैकी गुण द्यायचे होते. सत्तूने खडूकडे बघितलं, गाड्यांकडे बघितलं. आणि त्याला आठवलं.

तो बापूकडे गेला. "बापू, तुमच्या गाडीला किती देऊ?"

बापू नाक पुसत उठला. "मला विचारतोस? दहा दे! आतलं-बाहेरचं सगळं बघितलंयस तू!"

सत्तूने दहा लिहिले. धैर्यशीलकडे गेला. तो खुर्च्यांतून जीप ओढून काढत होता.

"दहा," धैर्यशील म्हणाला. "अकरा असतील तर अकरा."

"अकरा नाहीत."

"मग दहा."

बाकीच्या चौघांनीही दहाच सांगितले. विचारल्यावर कोण कमी सांगतो? सगळ्यांत शेवटी सत्तू मालूताईकडे आला. मैदान कान टवकारून ऐकत होतं.

"ताई, तुमच्या गाडीला किती देऊ?"

मालूताईने जीपकडे बघितलं. "दिव्याला काच नाही. ब्रेक वीतभर उशिरा लागतो. सात दे."

"मालूताई!" बापू ओरडला. "दहा म्हण की! गाळा जाईल!"

"गाडी मी घडवलीय. तिचं काय कमी आहे ते मला ठाऊक असून खोटं कसं सांगू?"

असं ती म्हणाली खरी. पण सत्तूने फळ्यावर सात लिहिले तेव्हा तिला फार वाईट वाटलं. उद्या शेडवर हातोडा पडणार, हे तिला डोळ्यांपुढे दिसत होतं. ती जीपच्या पायरीवर जाऊन बसली.

फळ्यावर सहा दहा आणि एक सात. लोक चिडले. "ही कसली स्पर्धा? सहाजणांचा पहिला नंबर? ह्यातून निकाल आता आण्णाच लावणार! म्हणजे झालंच!"

आण्णांना ते ऐकू गेलं. आण्णा काही कच्चे नव्हते. ते माईकवर आले. "मंडळी, निकाल मी लावणार नाही! परीक्षकच लावतील! सत्तू, इकडं ये. सगळे सारखेच असले तर पहिला कोण, हे कसं ठरवायचं? अरे, सोपं आहे. जो सगळ्यांत वेगळा, तो पहिला! नीट बघ, कोण वेगळा दिसतोय?"

असं म्हणून त्यांनी भाच्याच्या पिवळ्या जीपकडे हात केला. अकरा भोंगे, चाकांत दिवे. तशी दुसरी गाडी मैदानात नव्हती.

पण आण्णांचा हात आणि जीप यांच्या मध्ये फळा उभा होता.

सत्तूने फळा वरून खाली वाचला. दहा. दहा. दहा. पुन्हा खालून वर वाचला. मग त्याचा चेहरा खुलला.

"सात!" तो माईकवर म्हणाला. "पहिला नंबर मालूताई!"

मैदानात जो गलका झाला! टोप्या उडाल्या. बापूने ओंजळीतले नटबोल्ट उधळले आणि मग तेच वेचत बसला. मालूताई पायरीवरून उठली आणि पुन्हा बसली. तिचा विश्वासच बसेना.

"अरे, सात दहापेक्षा कमी असतात!" आण्णा ओरडले.

"कमी-जास्त कुठं म्हणालात? वेगळा म्हणालात."

"बरोबर आहे!" गाव म्हणालं. "आम्ही ऐकलंय! माईकवर म्हणालात!"

आण्णांनी दात-ओठ खाल्ले. आता मागे फिरता येत नव्हतं. "दे मग तिला शील्ड," ते म्हणाले. "दे आणि सोडव मला एकदाचं."

टेबलावर लाल कापडाखाली शील्ड झाकून ठेवलं होतं. सत्तूने कापड काढलं, शील्ड उचललं, आणि थबकला. त्यावर पितळेची पट्टी होती. पट्टीवर अक्षरं होती. सत्तूला अक्षरं जुळवून वाचता यायची, फक्त मोठ्याने वाचावं लागायचं. माईक समोरच होता.

"धै-र्य-शी-ल. स-ल-ग चौ-था वि-ज-य."

मागच्या रांगेतले लोक उठून उभे राहिले.

सत्तू शील्ड घेऊन धैर्यशीलकडे गेला. "मालक," त्याने अदबीने विचारलं, "ह्याच्यावर आधीच तुमचं नाव घातलंय. हे मालूताईला देऊ का?"

धैर्यशीलने मामाकडे बघितलं. मामा माईकची वायर शोधत होते.

"स्पर्धा आज झाली," बापू सावकाश म्हणाला, "आणि नाव कधी घातलं?"

सगळं गाव आण्णांकडे वळलं. धैर्यशील खाली मान घालून पुटपुटला, "दे बाबा. दे तिला." सत्तूने शील्ड नेऊन मालूताईच्या हातात ठेवलं. सरपंचांनी त्यावर गाळ्याची किल्ली ठेवली. मालूताई रडली, हसली, आणि तिने सत्तूचा फेटा पुन्हा नीट बांधून दिला. त्याच्या आईने तोंडावरचा पदर काढला.

तेवढ्यात कुणाचं लक्ष नाही असं बघून आण्णा मागच्या मागे सटकले. कमिटीच्या पांढऱ्या गाडीत बसले आणि गाडी चालू केली. गाडी सरकायला लागली.

सत्तूने ते बघितलं. त्याने दगड उचलला आणि धावत जाऊन गाडीपुढे उभा राहिला. टाकणार, एवढ्यात त्याला मालूताईचं बोलणं आठवलं. आधी मालकाला विचारायचं.

"सत्तू, बाजूला हो!" आण्णा काचेतून ओरडले.

पण सत्तू बॉनेटवरची अक्षरं जुळवत होता. "या-त्रा क-मि-टी. स-म-स्त ग्रा-म-स्थ."

तो मैदानाकडे वळला आणि दगड दोन्ही हातांनी वर धरून गावाला विचारलं, "मालक, टाकू का?"

"टाक!" सगळं गाव ओरडलं.